कवडी : शंखाची ओळख आणि तुळजापूरची माळ

कवडी : उष्ण कटिबंधातील समुद्रांत राहणाऱ्या एका लहान गोगलगायीचा शंख. मृदुकाय प्राण्यांच्या संघातील उदरपाद वर्गाच्या सायप्रीइडी या कुलात हिचा समावेश होतो. या कुलात दोनशेहून अधिक जाती असल्या, तरी मानवी व्यवहारात प्रामुख्याने दोनच जातींना स्थान मिळाले. भारतात कवडी ही चलन, खेळाचे साधन, औषधी द्रव्य आणि देवीचे लेणे अशा चार नात्यांनी वावरली. यांपैकी शेवटचे नाते महाराष्ट्रात अद्याप टिकून असून त्याचे सर्वांत ठळक केंद्र तुळजापूर (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) हे होय. अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सु. ३०० किमी. आत, बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या या गावी तुळजाभवानीचे गोंधळी, आराधी व भुत्ये यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असतात. डोंगरावरील देवीच्या उपासनेत समुद्रातील हा शंख कोठून व कोणत्या वाटेने आला, या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांतून अंशतःच मिळते. उरलेला पुरावा खुद्द शंखाच्या अंगावर असतो. त्याचा आकार, कडा, दात व रंग यांवरून जात ओळखता येते, जातीवरून तिच्या प्राप्तिस्थानाचा अंदाज बांधता येतो आणि प्राप्तिस्थानावरून व्यापाराची दिशा उलगडू लागते.

प्राणी व शंख : कवडीतील प्राणी प्रवाळभित्तींच्या आश्रयाने, उथळ पाण्यातील दगडांखाली व शैवालाने झाकलेल्या खडकांवर राहतो. चलनासाठी वापरल्या गेलेल्या जाती मुख्यतः शैवाल खाऊन जगतात. मादी अंडी घातल्यावर ती आपल्या स्नायुमय पायाखाली झाकून त्यांचे रक्षण करते. इतर अनेक समुद्री गोगलगायींच्या शंखाचे तोंड बंद करणारे झाकण असते. कवडीच्या प्राण्याला ते नसते. शंखाचे द्वार अरुंद फटीसारखे व दोन्ही कडांनी दातेरी असल्यामुळे आत आखडलेल्या प्राण्यास संरक्षण मिळते.

कवडीच्या तकाकीचे कारण तिच्या शरीररचनेत आहे. प्राण्याच्या देहावरील प्रावार हे मांसल आवरण दोन्ही बाजूंनी शंखाबाहेर येऊन पाठीवर पसरते आणि शंखावर चुनखडीचे नवनवे थर चढवीत राहते. त्यामुळे शंखाला झीज पोचत नाही व त्याचा पृष्ठभाग मुद्दाम घोटल्यासारखा गुळगुळीत होतो. प्रावाराच्या दोन पाळ्या पाठीवर जेथे एकमेकींना भिडतात, तेथे बहुधा एक फिकट रेषा उमटते. जाती ओळखताना ही रेषाही उपयोगी पडते.

अल्पवयीन कवडी प्रौढ कवडीहून इतकी निराळी दिसते, की अनभिज्ञ निरीक्षकास ती वेगळ्याच प्राण्याची वाटावी. तिचा शंख पातळ, फुगीर व रुंद तोंडाचा असतो; बाहेरची कडा धारदार असते आणि टोकाशी वेटोळ्यांचे शिखर दिसते. पुढे बाहेरची कडा आत वळते, द्वार अरुंद होते, दात उमटतात व शिखर थरांखाली झाकले जाते. यानंतर शंखाची लांबी वाढत नाही, फक्त जाडी वाढते. म्हणून एकाच जातीच्या दोन प्रौढ कवड्यांत लहानमोठेपणा आढळला, तर तो वयामुळे असेलच असे नाही. परिस्थितीनुसार काही कवड्या लहानपणीच प्रौढ होतात. केवळ आकारमानावरून जात ठरविणे यामुळे धोक्याचे ठरते.

जातींची ओळख : व्यवहारातील पहिली जात चलनी कवडी होय. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये तिचे वर्णन करताना तिला सायप्रिया मोनेटा हे नाव दिले. मोनेटा या लॅटिन शब्दाचा अर्थ नाणे असा असून या शंखाचे चलनातील स्थान नामकरणकर्त्यास ठाऊक होते, हे त्यावरून दिसते. आज या जातीचा समावेश मोनेटॅरिया या वंशात करतात. तिची लांबी सामान्यतः १·५ ते २·५ सेंमी. असते. वरून पाहता तिची बाह्यरेषा कोनयुक्त, काहीशी षट्कोनी भासते. मागील अर्ध्या भागात ती रुंद असते व तेथे कडांवर जाड गाठी असतात. पाठीचा रंग पिवळसर, पांढरट पिवळा किंवा हिरवट झाक असलेला असून त्यावर पुष्कळदा तीन निळसर करडे आडवे पट्टे अंधुकपणे दिसतात. तळबाजू सपाट, पांढरट वा पिवळसर असते. द्वाराच्या दोन्ही कडांवरील दात मोजके, ठळक व आखूड असतात.

दुसरी जात वलयी कवडी. हिचे वर्णनही लिनीअस यांनी १७५८ मध्येच केले व तिला ॲन्युलस, म्हणजे वलय, हे जातिनाम दिले. तिच्या पाठीवर नारिंगी वा सोनेरी रंगाचे एक स्पष्ट कडे असते. कड्याच्या आतील भाग निळसर करडा व बाहेरील भाग मळकट पांढरा असतो. तिची बाह्यरेषा अंडाकृती असून कडांवर गाठी नसतात किंवा अगदी अस्पष्ट असतात. चलनी कवडीच्या काही नमुन्यांतही पाठीवर पिवळी बारीक रेषा आढळते. म्हणून नुसत्या वलयावर विसंबून न राहता वलय, बाह्यरेषा व गाठी ही तीनही लक्षणे एकत्र पाहावी लागतात. दोन्ही जातींचे नाते अतिशय निकटचे आहे आणि जेथे त्या एकत्र राहतात तेथे मधल्या स्वरूपाचे शंखही अधूनमधून मिळतात.

कोकणच्या किनाऱ्यावर सायप्रीइडी कुलातील इतर काही जाती आढळतात. अरबी कवडी आकाराने पुष्कळच मोठी असून तिच्या तपकिरी पाठीवर अक्षरांसारख्या आडव्याउभ्या रेघांची जाळी असते. नेत्रांकित कवडी आकाराने चलनी कवडीएवढी असली, तरी तिच्या पिवळसर तपकिरी पाठीवरील पांढऱ्या कड्यांचे काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. या दोहोंचा चलनी कवडीशी घोटाळा होण्याचे कारण नाही. ट्रिव्हिइडी या दुसऱ्या एका कुलातील चिमुकले शंख मात्र आकाराने कवडीसारखेच असतात. त्यांच्या पाठीवरून आडवे बारीक कंगोरे गेलेले असतात, तर खऱ्या चलनी कवडीची पाठ गुळगुळीत असते.

प्राचीन वर्णन : संस्कृत वाङ्मयात कवडीला कपर्द, कपर्दिका, वराट, वराटक व वराटिका अशी नावे आहेत. कपर्द म्हणजे वेटोळे घातलेली जटा. शिवाच्या कपर्दी या नावाचा उगमही याच शब्दात आहे. मराठी कवडी हा शब्द कपर्दिका या शब्दापासून प्राकृतामधून आला.

रसशास्त्रात कवडीची गणना औषधी द्रव्यांत होते. वाग्भटाच्या नावावर असलेल्या रसरत्नसमुच्चय या ग्रंथात औषधास योग्य अशा कवडीची लक्षणे दिली आहेत : ती पिवळसर असावी, तिच्या पाठीवर गाठी असाव्यात व ती लांबट असावी. याखेरीज वजनावरून तिच्या उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा प्रती सांगितल्या आहेत. दीड निष्क वजनाची उत्तम, एक निष्काची मध्यम व पाऊण निष्काची कनिष्ठ. पिवळा रंग व पाठीवरील गाठी ही लक्षणे चलनी कवडीस तंतोतंत लागू पडतात आणि वलयी कवडीस पडत नाहीत. आधुनिक प्राणिशास्त्राने जी लक्षणे भेददर्शक मानली, त्यांतील दोन लक्षणे भस्म करणाऱ्या वैद्यांनी कित्येक शतके आधी नेमकी हेरली होती. औषधासाठी कवडी पारखून घेणाऱ्यास शंखाची जात ओळखणे भागच होते.

प्राप्तिस्थान : चलनी कवडीचा प्रसार तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक महासागरापर्यंत आहे. लक्षद्वीप, अंदमान व मन्नारचे आखात येथेही ती मिळते. तथापि इतिहासकाळात तिचा सर्वांत मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होत असे. तेथील उथळ, शांत व प्रवाळांनी वेढलेली सरोवरे या प्राण्यास विशेष मानवतात आणि तेथील कवड्या लहान व सारख्या आकाराच्या असल्यामुळे मोजण्यास व वाहून नेण्यास सोयीच्या ठरत. कोकणच्या खडकाळ व चिखलट किनाऱ्यावर अशा प्रवाळभित्ती नाहीत. तेथून व्यापारास पुरेल इतकी चलनी कवडी मिळणे शक्य नव्हते.

इ. स. १०३० च्या सुमारास अल् बीरूनीने अरबी समुद्रातील बेटांचे त्यांच्या मालावरून दोन गट सांगितले आहेत : एक कवड्यांची बेटे व दुसरी काथ्याची बेटे. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवमध्ये राहिला व तेथे त्याने काझीचे काम केले. समुद्रातून काढलेले प्राणी किनाऱ्यावरील खड्ड्यांत पुरून ठेवीत, मांस कुजून गेले म्हणजे पांढरे शंख उरत, असे तो सांगतो. त्याच्या काळी एका सोन्याच्या दिनारास ४ लाख कवड्या मिळत व भाव उतरल्यास त्याहूनही अधिक मिळत. बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेत. फ्रांस्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी जहाज फुटल्यामुळे १६०२ पासून १६०७ पर्यंत मालदीवमध्ये अडकून पडला होता. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेमागे स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या वेचीत, असे त्याने नोंदविले आहे. एका वर्षात फक्त कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे बंगालकडे गेलेली त्याने पाहिली होती.

चलन : धातूच्या नाण्यात जे गुण अपेक्षित असतात त्यांतील बहुतेक कवडीत निसर्गतः आहेत. ती टिकाऊ असते, एकसारखी असते, मोजता येते, तोलता येते आणि तिची नक्कल करणे तिच्या किमतीच्या मानाने महाग पडते. चीनमध्ये शांग राजवटीच्या काळी, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात, कवडीस मोठे मोल होते. खरेदी, संपत्ती व किंमत यांच्याशी निगडित अनेक चिनी अक्षरांत आजही कवडीचे चिन्ह आढळते. तेथे कवड्यांचा तुटवडा पडल्यावर हाड, दगड व काशाच्या नकली कवड्याही तयार करण्यात आल्या.

भारतात इ. स. ४०० च्या सुमारास आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने मध्यदेशातील बाजारात कवड्यांनी देवघेव होत असल्याचे लिहिले आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातील (११५०) परिमाणांच्या कोष्टकाचा आरंभ कवडीपासूनच होतो : २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. या हिशेबाने एका द्रम्मास १,२८० कवड्या पडतात. बंगालमधील कोष्टकात ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण व १६ पणांचा काहण असे. काहणाच्याही १,२८० कवड्याच होतात. दोन दूरच्या प्रदेशांत, मधल्या पायऱ्या निराळ्या असूनही एकच संख्या यावी, यावरून या हिशेबपद्धतीचा विस्तार व प्राचीनता ध्यानात येते.

कवडीचा भाव समुद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असे. सतराव्या शतकात भारतात अनेक वेळा प्रवास केलेल्या झां बातीस्त ताव्हेर्न्ये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या नोंदीनुसार किनाऱ्यालगत एका पैशास ८० पर्यंत कवड्या मिळत. आत आग्र्यास मात्र ५० ते ५५ च मिळत. अंतर्भागात कवडी महाग होत गेल्याचा हा पुरावा तुळजापूरसारख्या डोंगराळ गावाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. तेथे पोचलेल्या प्रत्येक कवडीच्या किमतीत वाटेवरील बैलाच्या पाठीचे भाडे मिसळलेले असणार.

बंगाल, आसामचा काही भाग व ओडिशा येथे कवडी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सारावसुलीतही चालत असे. सिल्हेट जिल्ह्याचा सारा कवड्यांत गोळा होई व तो साठविण्यास मोठमोठी कोठारे लागत, असे १७७८ पासून तेथे असलेल्या रॉबर्ट लिंडसे या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. ईस्ट इंडिया कंपनीने सारा चांदीच्या रुपयांत मागण्यास सुरुवात केल्यावर कवडीचे चलन खालावले व गरीब रयतेवर त्याचा भार पडला. ओडिशातील १८१७ च्या पाइकांच्या उठावाच्या कारणांत हे एक कारण मानले जाते. दख्खनमध्ये तांब्याच्या नाण्यांचे चलन अधिक रुजलेले होते. शिवकालापासून शिवराई हे तांब्याचे नाणे महाराष्ट्रात दीर्घकाळ चालले. त्यामुळे येथे कवडीला बंगालमधल्याइतके आर्थिक महत्त्व लाभले नाही. मराठी भाषेत मात्र किमतीची सर्वांत खालची पायरी म्हणून ती कायम राहिली. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्दप्रयोग याचीच साक्ष देतात.

जातिभेद आणि व्यापाराचा इतिहास : चलनी व वलयी या दोन जातींतील भेद हा केवळ प्राणिशास्त्राचा विषय नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील आहे. मालदीवच्या कवड्या भारत व श्रीलंकेमार्गे यूरोपात जात आणि तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचत. तेथे त्या चलन म्हणून चालत व गुलामांच्या खरेदीतही त्यांचा मोठा वाटा असे. अठराव्या शतकात डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी सु. १,००० कोटी कवड्या तेथे नेल्या असाव्यात, असा अंदाज आहे. मालदीवची लहान कवडी हेच तेथील प्रमाण चलन होते. १८४५ नंतर हँबर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या किनाऱ्यावरील वलयी कवडी प्रचंड प्रमाणावर तेथे नेण्यास प्रारंभ केला. ही कवडी आकाराने मोठी, वजनाने जड व खरेदीस स्वस्त होती. पुरवठा अतोनात वाढल्याने कवडीचे मोल घसरत गेले व ज्यांची बचत कवड्यांत होती त्यांचे नुकसान झाले.

या घडामोडींचा मागोवा यान होगेनडोर्न व मॅरियन जॉन्सन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तपशिलाने घेतला आहे. पुढे पुरातत्त्वज्ञांनी उत्खननांत मिळालेल्या कवड्यांची जातवार मोजणी करण्यास सुरुवात केली. एखाद्या थरात वलयी कवडीचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसले, तर तो थर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा असण्याचा संभव वाढतो. अशा रीतीने शंखाच्या पाठीवरील सोनेरी कडे व कडांवरील गाठी यांना कालनिर्णयात स्थान मिळाले.

समुद्रापासून बालाघाटापर्यंत : धाराशिव जिल्ह्याचा समुद्राशी संबंध फार जुना आहे. तुळजापूरच्या उत्तरेस सु. ३५ किमी. वर असलेले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर होय. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून उल्लेखिलेले आहे. तेथून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचकडे जाई. समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशातून तगरला येणाऱ्या मालाचाही त्यात निर्देश आहे. तेर येथील उत्खननांतून सातवाहनकालीन वस्ती, रोमन जगाशी असलेल्या संबंधाचे अवशेष व शंखाच्या वस्तू उजेडात आल्या. त्यांतील अनेक वस्तू तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात ठेवल्या आहेत. समुद्रातील माल बालाघाटाच्या परिसरात येणे ही मध्ययुगातील नवलाई नव्हती. त्यासाठीच्या वाटा दीड-दोन हजार वर्षांपासून वाहत्या होत्या.

मध्ययुगात चौल, दाभोळ, गोवे यांसारख्या बंदरांतून घाट चढून माल देशावर येई व लमाणांच्या तांड्यांनी तो दूरवर पोचे. तुळजापूर हे अशा दळणवळणाच्या प्रदेशात असून महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या तीनही भागांतील भाविकांचे ते क्षेत्र आहे. १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानात होते. पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले.

तुळजापूरची माळ : तुळजाभवानीचे स्थान महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असून भोसले घराण्यासह अनेक मराठी कुळांची ती कुलदेवता आहे. देवीची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. आश्विनातील नवरात्र व त्यानंतरची पौर्णिमा या काळात येथे मोठी यात्रा भरते. देवीच्या उपासकांत गोंधळी, आराधी व भुत्ये हे वर्ग विशेष उल्लेखनीय आहेत. गोंधळ्यांचे कदमराई व रेणुराई असे दोन प्रमुख भेद असून कदमराई हे तुळजाभवानीचे, तर रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक समजले जातात. संबळ, तुणतुणे व दिवटी यांच्याबरोबर कवड्यांची माळ हे गोंधळ्याच्या वेषाचे आवश्यक अंग आहे. भुत्या हाती पेटता पोत घेऊन, तेलकट झगा व कवड्यांच्या माळा घालून हिंडतो. आराधी स्त्री-पुरुष हाती परडी व गळ्यात माळ धारण करून मंगळवारी व शुक्रवारी जोगवा मागतात. देवीची दीक्षा म्हणून एकदा धारण केलेली माळ घराण्यात पुढील पिढीकडे सोपविली जाते. ती घालणे म्हणजे देवीची सेवा पत्करणे, असा तिचा अर्थ आहे.

कवडी देवीस का प्रिय मानली गेली, याविषयी अभ्यासकांनी अनेक कारणे सुचविली आहेत. तिच्या द्वाराचा आकार स्त्रीच्या जननेंद्रियाशी व अर्धमिटल्या डोळ्याशी मिळताजुळता असल्यामुळे प्रजननशक्तीचे प्रतीक व दृष्ट निवारण्याचे साधन अशा दोन्ही अर्थांनी ती अनेक संस्कृतींत वापरली गेली. सायप्रिया हे जुने वंशनामही सायप्रस बेटावरील प्रेमदेवतेच्या नावावरून पडले आहे. दख्खनमध्ये तुळजाभवानीखेरीज रेणुका-यल्लम्मा यांच्या उपासकांतही कवडी आढळते. मातृदेवतांशी असलेला तिचा संबंध त्यामुळे अधिक व्यापक ठरतो. कवडी व धन यांचे नातेही विसरता येत नाही. देवीस अर्पण करण्याची वस्तू मोलाची असावी लागते आणि एके काळी कवडी ही मोजता येण्याजोगी संपत्ती होती. खेळ हा तिसरा दुवा आहे. सारीपाटात कवड्या टाकून किती उताण्या पडल्या यावरून दान मोजतात. तुळजापूर येथील भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळावयास येत असे, अशी आख्यायिका प्रचलित आहे.

बाजारात कवडीचे मोल संपल्यावर माळेतील तिचे स्थान उणावले नाही, हे विशेष लक्षणीय आहे. ज्या काळात फुटकी कवडी हा शब्दप्रयोग तुच्छतादर्शक झाला, त्याच काळात जोगवा मागणाऱ्या आराधिणीच्या गळ्यातील कवडी पूज्यच राहिली. पैसा म्हणून संपलेली वस्तू देवीचे लेणे म्हणून टिकली आणि त्यामुळेच या शंखाचे जुने नमुने आजही हाताळले जातात.

माळेतील कवडीची तपासणी : माळेतील कवडीची जात ओळखणे किनाऱ्यावर सापडलेल्या शंखाइतके सोपे नसते. ओवण्यासाठी वा कापडावर शिवण्यासाठी कवडीची पाठ पुष्कळदा घासून किंवा फोडून सपाट करतात व दातेरी द्वार दर्शनी बाजूस ठेवतात. त्यामुळे वलय व पट्टे ही पाठीवरील दोन्ही लक्षणे नाहीशी होतात. तेल, हळद-कुंकू, घाम व हाताळणी यांनी मूळ रंगही बदलतो. अशा वेळी बाह्यरेषा, कडांवरील गाठी, तळबाजूची सपाटी आणि दातांची ठेवण यांवर भर द्यावा लागतो. मागील बाजूस रुंद होणारी कोनयुक्त रेषा व जाड गाठी असल्यास चलनी कवडी, तर एकसारखी अंडाकृती रेषा असल्यास वलयी कवडी मानण्यास आधार मिळतो. झिजलेल्या कवडीच्या गाठीही बोथट होतात. म्हणून एका कवडीवरून निर्णय न घेता माळेतील सर्व कवड्यांची मोजणी करून दोन्ही जातींचे प्रमाण काढणे इष्ट ठरते.

निष्कर्ष काढतानाही सावधगिरी आवश्यक असते. दोन्ही जाती हिंदी महासागराच्या विस्तीर्ण भागात राहतात. वलयी कवडी आढळली म्हणजे ती झांझिबारचीच, असे म्हणता येत नाही. तथापि जवळजवळ सर्व कवड्या लहान, सारख्या व चलनी जातीच्या असतील, तर मालदीव-लक्षद्वीपच्या जुन्या व्यापाराकडे बोट दाखविता येते. वलयी कवडीचे प्रमाण मोठे असेल, तर एकोणिसाव्या शतकात मुंबई व पूर्व आफ्रिका यांच्यात चालणारी गलबतांची वाहतूक विचारात घ्यावी लागते. एकाच माळेत दोन्ही जाती वेगवेगळ्या भागांत ओवलेल्या आढळल्यास ती माळ कालांतराने दुरुस्त झाली असण्याचा संभव असतो, कारण तुटलेल्या कवडीच्या जागी त्या त्या काळी बाजारात मिळणारी कवडी घातली जाते.

संग्रहालयांच्या सूचींत अशा माळांची नोंद बहुधा कवड्यांची माळ एवढ्याच शब्दांत होते. तीत कवड्यांची संख्या, जात, लांबी, पाठ शाबूत आहे की घासलेली, दोऱ्याचा प्रकार व माळ कोणत्या घराण्यातून आली या बाबींची भर घातल्यास तीच माळ व्यापाराच्या इतिहासाचे साधन होऊ शकते. माळ ही वापरातील वस्तू असल्याने तिच्या कवड्या झिजतात, फुटतात व बदलल्या जातात. बदललेल्या प्रत्येक कवडीबरोबर तिच्या मूळ प्रवासाचा पुरावाही नष्ट होतो. म्हणून जुन्या माळांची पाहणी त्या धारण करणाऱ्या कुटुंबांच्या संमतीने, माळ न उसवता व तिचे पावित्र्य राखून करणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. मोजपट्टी, भिंग, तळबाजूचे स्पष्ट छायाचित्र आणि दोन्ही जातींचे खात्रीचे नमुने एवढी सामग्री पुरेशी असते.